पडेगावची पाहणी

ज्या माणसाच्या घरी मी पोटभर जेवलो, त्याच माणसाविरुद्ध दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात बसून लिहिलं. एक अक्षर खोटं लिहिलं नाही, आणि त्या वेळी मला त्याचा अभिमानही वाटला होता. हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी त्यांच्याबद्दल जे चांगलं लिहीन, ते कुणाच्या हातून लिहिलं जातंय हे वाचताना तुमच्या लक्षात असावं.

त्यांचं नाव लिहीत नाही. ते आज जिथं आहेत तिथं कुणाचं नाव छापून यावं आणि कुणाचं येऊ नये, हे मला इथं बसून कळत नाही. मी ज्या विद्यापीठात नोकरी करतो त्याचंही नाव नको. आमच्या संभाजीनगरात शिकायला बाहेरच्या देशांतली मुलं येतात, त्यांचे कागद ज्या कक्षात सांभाळले जातात तिथं मी कारकून आहे, एवढं पुरे.

मुलं म्हणतो, पण ते मुलगा नव्हते. माझ्याच वयाचे, चाळिशी ओलांडलेले, कानशिलं पांढरी झालेली. येमेनच्या डोंगराळ भागातल्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. बायको आणि दोन मुली तिकडंच ठेवून इथं पीएच.डी. करायला आलेले. ऑफिसात शिरताना दारात थांबायचे, उजवा हात छातीवर ठेवायचे आणि खोलीतल्या प्रत्येकाकडं एकेकदा बघून मान झुकवायचे. आमचा शिपाई त्यातून सुटायचा नाही. मग कुणी उठून त्यांच्याशी बोलू लागलं, की जवळची खुर्ची त्याच्याकडं सरकवत म्हणायचे, "आधी बसा." खुर्ची आमची, टेबल आमचं, आणि बसायला सांगणार ते. आमच्या उपकुलसचिव साहेबांनाही त्यांनी एकदा त्यांच्याच केबिनमध्ये "आधी बसा" म्हटलं होतं. साहेब बसलेसुद्धा.

मराठी ते घरमालकिणीकडून शिकले. पडेगावात, दौलताबादच्या रस्त्यावर, एका विधवा बाईंच्या घरात ते वरच्या खोलीत भाड्यानं राहत. बाई साठीच्या, गावाकडच्या, दिवसभर बोलणाऱ्या. परिणाम असा झाला, की हे सहा फूट उंच, दाढीवाले गृहस्थ निघताना मला म्हणायचे, "साहेब, चालले मी. दळण टाकायचंय." आश्चर्य वाटलं की "अगं बाई" म्हणायचे. ऑफिस हसायचं. कितीतरी दिवस आम्ही कुणी त्यांना दुरुस्त केलं नाही, कारण मजा येत होती. शेवटी मीच एकदा खासगीत सांगितलं, की ही बायकांची बोली झाली. ते विचारात पडले आणि म्हणाले, "मावशी मला जेवू घालते. तिची बोली वाईट कशी असेल?" तसंच बोलत राहिले.

त्यांचं संशोधन आमच्या शहराच्या जुन्या नहरींवर होतं. जमिनीखालून पाणी आणणाऱ्या या नळ्यांवरून आपण आयुष्यभर स्कूटर चालवत जातो आणि कधी विचार करत नाही. त्यांच्या गावीही डोंगरातलं पाणी असंच खापरी नळातून आणायची जुनी रीत होती म्हणे. त्यामुळं ते हातात टेप घेऊन औरंगपुऱ्याच्या गल्ल्यांमधून फिरायचे, कुणाच्याही परसात शिरायचे, विहिरीत वाकून बघायचे. एकदा पोलीस चौकीतून मला फोन आला. तुमचा एक परदेशी इसम एका भोकात डोकं घालून बसला होता, येऊन ओळख पटवा. मी धावत गेलो. बघतो तर हवालदार आणि हे दोघं चौकीच्या ओट्यावर शेजारीशेजारी, मध्ये चहाचे कप, आणि हे त्यांना पाणी चढावर कसं चढतं ते बोटानं धुळीत रेघा ओढून समजावत होते. हवालदार मला म्हणाले, "मास्तर लई चांगला माणूस हाय, साहेब. पण भोकात डोकं घालू नको म्हणावं."

तुमच्याही ऑफिसात, गल्लीत असा एखादा माणूस येऊन गेला असेल. तो आला की खोलीतला पंखा जरा जोरात फिरतोय असं वाटतं. आम्हाला त्यांच्याबद्दल तसं वाटायचं.

मग त्यांच्याकडचे पैसे यायचे थांबले. त्यांचा भाऊ दुकान चालवून फी पाठवत असे. लढाईत ते दुकान गेलं. भाऊ वाचला, पण बायकापोरं घेऊन दुसऱ्या गावी निघून गेला. हे सगळं त्यांनी मला एकाच वाक्यात सांगितलं आणि लगेच माझ्या आईचा गुडघा कसा आहे ते विचारलं.

परदेशी विद्यार्थ्यांची फी आपल्या मुलांच्या कितीतरी पट असते. ज्यांच्या देशात युद्ध चाललंय आणि घरून मदत बंद झाली आहे, त्यांना शिक्षणशुल्कातून सूट द्यावी, असा आमच्याकडं ठराव आहे. चांगला ठराव आहे. फक्त पूर्वी एका मुलानं सूट घेतली आणि पुढच्याच महिन्यात महागडी मोटारसायकल घेऊन आवारात फिरू लागला. तेव्हापासून सवलतीचे अर्ज तपासणाऱ्या समितीनं एक अट घातली. अर्जदार राहतो तिथं कक्षाच्या माणसानं जायचं, डोळ्यांनी बघायचं आणि जे दिसेल ते लिहून द्यायचं. याला आम्ही पाहणी म्हणतो. पाहणी मी करायचो.

त्यांच्या प्रबंधाची दोनच प्रकरणं राहिली होती. सूट मिळाली तर नोंदणी चालू राहणार, नोंदणी असेल तरच व्हिसा वाढणार. पदवी हातात आली की आखाती देशातल्या कुठल्या तरी कॉलेजात नोकरी मिळेल आणि बायको-मुलींना लढाईतून बाहेर काढता येईल, असा त्यांचा बेत होता. मुलींचा फोटो त्यांच्या पाकिटात असे. धाकटीचे पुढचे दोन दात पडलेले. तो फोटो त्यांनी मला अर्ज देताना दाखवला. त्या अर्जावर काय अवलंबून आहे, हे मला पूर्ण माहीत होतं.

पाहणीला न सांगता जायचं असतं. मला ते बरं वाटेना. इतका भला माणूस, त्याच्या दारात चोर पकडायला आल्यासारखं कसं जायचं? म्हणून मी आदल्या आठवड्यात सांगून ठेवलं, की रविवारी दुपारी मी तुमच्याकडं येणार आहे, अर्जासाठी खोली बघावी लागते. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग त्यांचा चेहरा असा उजळला, की मलाच संकोच वाटला. "तुम्ही माझ्या घरी येणार," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत या ऑफिसातून कोणी आलं नाही."

रविवारी मी स्कूटरवरून पडेगावला गेलो. ते रस्त्यावर येऊन उभे होते, कोट घालून, उन्हात. मला वर घेऊन गेले. खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत लाल गालिचा अंथरलेला होता. कडेनं लोड लावलेले. खिडकीत मोठा कूलर चालू होता, उदाचा वास येत होता. मध्ये चादर घालून तिच्यावर जेवण मांडलं होतं. मी शाकाहारी आहे हे त्यांना ठाऊक होतं. बदाम-बेदाणे घातलेला भात, पालकाची आणि घेवड्याची अशा दोन भाज्या, मेथीचं काहीतरी फेसाळ आंबट, दही, काकडी, आणि थरांची एक गोड पोळी, तिच्यावरून मध ओघळत होता. सगळी भांडी कोरी, चकचकीत. त्यांच्यावर नाव घातलेलं नव्हतं. एका पातेल्यावर कंपनीचं लेबल अर्धवट खरवडलेलं दिसत होतं.

मी म्हणालो, अहो, हे कशाला. ते म्हणाले, "आधी बसा."

जेवताना ते माझ्या ताटात वाढत राहिले. स्वतः फारसं खात नव्हते. मी विचारलं तर म्हणाले, आमच्याकडं पाहुण्याचं झाल्यावर जेवतात. ते मला मुलींच्या गोष्टी सांगत होते. थोरलीला नकाशे काढायचा नाद आहे, घरातल्या घरात सुद्धा ती स्वयंपाकघरापासून अंगणापर्यंतचा नकाशा काढते. मी हसत होतो. मला जेवण अतिशय आवडलं, त्या गोड पोळीचे मी तीन तुकडे खाल्ले. अर्जाबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. निघताना खालपर्यंत सोडायला आले आणि मावशींना हाक मारून म्हणाले, "माझे साहेब आलेत." बाई दारातून कौतुकानं बघत होत्या.

घरी येताना स्कूटरवर मला पहिल्यांदा अस्वस्थ वाटलं. आता मी काय लिहिणार? सूट द्यावी असं लिहिलं आणि उद्या कुणी विचारलं, तुम्ही त्याच्याकडं जेवलात का, तर? त्याच्या थोडेच दिवस आधी उपकुलसचिव साहेबांनी सगळ्यांसमोर मला सुनावलं होतं. "भाऊसाहेब, तुमच्या पाहणीत प्रत्येक पोरगा गरीबच कसा निघतो? अन्नछत्र उघडलंय का तुम्ही?" ते मला लागलं होतं. वीस वर्षांच्या नोकरीत मी कुणाच्या चहाचाही मिंधा राहिलो नाही, हीच माझी मिळकत. जेवणाच्या बदल्यात शिफारस केली असं कोणी म्हणू नये, हाच विचार रात्रभर डोक्यात घोळत राहिला. सकाळपर्यंत त्या विचारानं आणखी एक रूप घेतलं. त्यांनी मला जेवायला घातलं ते कशासाठी, असं मला वाटू लागलं.

दुसऱ्या दिवशी मी लिहिलं, खोलीत मोठा गालिचा व लोड आहेत. कूलर आहे. स्वयंपाकाची भांडी नवी आहेत. आहार उत्तम व सुक्यामेव्यासह आहे. अर्जदाराची राहणी सुस्थितीतली दिसून आली. खाली सही केली. मन हलकं झाल्यासारखं वाटलं, हेही कबूल करतो.

समितीनं अर्ज फेटाळला. 'आर्थिक अडचण सिद्ध होत नाही' असं पत्र मीच टाइप केलं आणि मीच त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. सिद्ध म्हणजे काय, असं मला विचारलं. मी म्हणालो, पुरावा देऊन दाखवणं. त्यांनी मान हलवली. "खरंय," ते म्हणाले. "मी दाखवली नाही." मग पत्राची घडी घालून पाकिटात ठेवली, मुलींच्या फोटोच्या मागं.

समितीसमोर काय वाचलं गेलं हे अर्जदाराला सांगत नाहीत. मीही सांगितलं नाही.

त्यानंतर ते दोन-तीनदा आले, कुठून मदत मिळते का याची चौकशी करत. त्यांच्या देशाच्या दूतावासातून उत्तर आलं नाही. आवारातल्या त्यांच्या देशातल्या मुलांनी आपसात काही जमवायचं ठरवलं, पण त्या मुलांकडं तरी काय होतं? व्हिसाची मुदत आली. जायच्या आदल्या दिवशी ते सगळ्यांचा निरोप घ्यायला ऑफिसात आले. दारात थांबून छातीवर हात ठेवला, प्रत्येकाकडं बघितलं. शिपायाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या टेबलापाशी आले तेव्हा मी उगाच कपाटात काहीतरी शोधत होतो. माझी पाठ त्यांच्याकडं होती तरी ते बोलले. "साहेब, या शहरात तुम्ही एकटे माझ्या घरी जेवलात. मी बायकोला सांगितलंय."

मी वळलो, हात मिळवला. परत या, असं काहीतरी म्हणालो.

दोन वर्षं गेली असतील. एका सुदानी मुलीचा सवलतीसाठी अर्ज आला आणि पत्ता बघितला तर तेच पडेगावचं घर, तीच वरची खोली. मी या वेळी न सांगता गेलो. मावशींनी मला ओळखलं. मुलगी बाहेर गेली होती, म्हणून त्याच मला वर घेऊन गेल्या. खोली अगदी रिकामी दिसत होती. फरशी, एक गादी, खिडकीत दोरीवर ओढणी. मी सहज म्हणालो, आधीच्या मास्तरांनी जाताना कूलर विकला वाटतं.

"त्याचा कुठला कूलर?" त्या म्हणाल्या. "त्यो तर आमचा व्हता, खालचा. तुमी येणार म्हनून माज्या लेकाला घेऊन जिन्यानं वर चढवला त्यानं. तुमी गेले की पुन्ना खाली. म्या म्हनलं, ऱ्हाऊ दे दोन दिस. म्हनला, नको, तुला खाली लई उकडंल."

मला पुढचं विचारायचं नव्हतं, पण मी विचारलं. गालिचा?

"मंडपवाल्याचा. लोड बी त्याचेच. त्याच्या पोराला इंग्रजी शिकवायचा हा, म्हनून त्यानं दिलं एका दिवसापुरतं." मग त्या हसल्या. "आन् भांडी तर ऐका. मला म्हनला, मावशी, साहेब बामन हायत, माज्या पातेल्यात मटन शिजतं, त्यान्ला चालायचं नाय. म्या म्हनलं, माजी घे की, मी माळकरी हाये. तर म्हनला, न्हाई, पाहुण्याला कोरंच पायजे. त्याच्यासाठी सायकल इकली येड्यानं. मग ऱ्हायला पायी फिरत नहरी बघत."

बाई बोलतच होत्या. त्यानंतर कितीतरी दिवस त्यो खाली जेवायला येईना. बोलवलं की म्हणायचा, रोजा हाय. "कुटला रोजा?" त्या म्हणाल्या. "रमजान कवाच सरला व्हता. मला काय कळत नाय व्हय? मग म्या भाकरी वर न्हेऊन ठेवायची आन् दार लावून यायची."

मग एकदम माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, "तुमी तर समदं बगून गेल्ता. तरी कसं काय त्याचं काम झालं नाय?"

मी पाणी मागितलं. त्यांनी आणून दिलं, ते प्यालो आणि निघालो.

मला हे कळायला हवं होतं. माझ्या ताईला बघायला पाहुणे यायचे तेव्हा आमच्या घरात शेजारून खुर्च्या यायच्या, कपबश्या यायच्या, एकदा तर पलंगपोसही आला होता. ताटांवर शेजाऱ्यांचं नाव कोरलेलं असायचं, तर आई वाढताना ते नाव पाहुण्याच्या समोर येणार नाही अशा बेतानं ताट फिरवून ठेवायची. मी आठ-नऊ वर्षांचा होतो, मला सगळं दिसायचं. पाहुणे गेल्यावर आम्ही भावंडं शिल्लक चिवड्यावर तुटून पडायचो आणि आई काहीच न खाता भांडी परत करायला जायची. अशा घरात वाढलेल्या माणसाला कोऱ्या पातेल्यांवरून समजायला हवं होतं. मी त्यांचा उल्लेख सुस्थितीचा पुरावा म्हणून केला.

दुसऱ्या दिवशी मी उपकुलसचिव साहेबांकडं गेलो आणि झालं ते सांगितलं. माझी पाहणी चुकीची होती, तो अर्ज पुन्हा समितीपुढं ठेवा, असं म्हणालो. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भाऊसाहेब, नोंदणी रद्द होऊन दोन वर्षं उलटली. समिती विद्यार्थ्याचा अर्ज बघते. तो आता आपला विद्यार्थी कुठंय?" मी लेखी द्यायला तयार होतो. ते म्हणाले, देऊन काय होणार? त्यांचं बरोबर होतं. सुदानी मुलीच्या पाहणीत मी काय लिहायचं ते लिहिलं आणि तिला सूट मिळाली. त्याचं श्रेय माझं नाही.

त्यांचा नंबर त्यांच्या देशातल्या एका विद्यार्थ्याकडून मिळाला. मी तो फोनमध्ये साठवला आणि लावला नाही. आज लावू, सुट्टीच्या दिवशी लावू, असं करत राहिलो. काय बोलायचं याची वाक्यं आंघोळ करताना जुळवायचो. शेवटी एका दुपारी, घरात कोणी नसताना, लावला. तिसऱ्या प्रयत्नाला लागला. आवाज तुटत होता.

त्यांनी मला पहिल्याच शब्दाला ओळखलं. पहिलं विचारलं ते मावशींचं. मग माझ्या आईचं. आई गेली हे सांगितलं तेव्हा ते त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटले. त्यांची शाळा बंदच आहे. पाण्याच्या टँकरवर काम मिळालंय, रोज नसतं. मुली बऱ्या आहेत. थोरली आता नकाशे काढत नाही, आईला मदत करते. मराठी तशीच बोलत होते, फक्त शब्द शोधायला थांबत होते. म्हणाले, "विसरत चालले मी, साहेब. कुणाशी बोलू?"

मग मी सांगितलं. तुमचा अर्ज माझ्यामुळं गेला. गालिचा, कूलर, भांडी, जेवण, हे सगळं मीच लिहून दिलं होतं. जेवलो म्हणून झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये, एवढ्यासाठी. मावशींनी मला खरं सांगितलं तेव्हा फार उशीर झाला होता.

मग ते सावकाश म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी मी तुम्हाला फरशीवर बसवलं असतं आणि नुसता काळा चहा दिला असता, तर अर्ज मंजूर झाला असता?"

"हो," मी म्हणालो. "झाला असता."

लहान मुलीचा आवाज जवळून गेला, कुणीतरी तिला गप्प केलं.

"साहेब," ते म्हणाले, "तुम्ही आधी सांगितलं असतं, तरी तसं मला जमलं नसतं."

मी इतके दिवस जुळवलेलं एकही वाक्य मला आठवलं नाही. मी म्हणालो, "तुम्ही मला पाहुणा म्हणून घरात घेतलं आणि मी तुमची भांडी मोजून आलो. त्याची शिक्षा तुमच्या मुलींना झाली. माझं चुकलं. मला माफ करा."